म्हातारा बेटा पुन्हा पुन्हा आजारी पडतोय? आधी टाकीचं वय बघा

तक्रार साधारण अशी असते. बेटा, म्हणजे आपला फायटर मासा, घरी येऊन दोन वर्षं झाली. मधूनच तो तळाशी जाऊन बसतो, पंख अंगाला चिकटवून घेतो, दाणा टाकला तर नुसता बघतो. आपण घाबरून टाकी घासूनपुसून लख्ख करतो, सगळं पाणी बदलतो, वर थोडं मीठ नाहीतर निळं औषध. चार दिवसांत स्वारी पुन्हा फिरायला लागते. हुश्श म्हणावं तर पंधरा दिवसांनी परत तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला घरातलं कुणीतरी म्हणतं, “वय झालं त्याचं. आता असंच चालायचं.”

हे निदान मीही करून बसले होते. माझा निळा बेटा, ज्याला पुढे पुढे घरात सगळे ‘आबा’ म्हणायला लागले, जवळजवळ वर्षभर असा आजारी-बरा, आजारी-बरा करत होता. आबा म्हातारा झाला होता हे खरंच. पण त्याची टाकीही तेवढीच म्हातारी झाली होती, आणि माझं सगळं लक्ष माशाकडे.

म्हातारपण ये-जा करत नाही. ते एकदा येतं आणि मुक्काम ठोकतं. जे दुखणं येतं, जातं आणि परत येतं, त्याला कसलं तरी वेळापत्रक असतं. ते वेळापत्रक सापडलं की निम्मं काम झालं.

वय मोजा, मग वही काढा

दुकानातला नर बेटा पिल्लू नसतो. लांब पंख आणि रंग पूर्ण भरल्याशिवाय त्याला गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे घरी येतो तेव्हाच तो साधारण सहा महिने ते एक वर्षाचा असतो. म्हणजे ‘आणून दोन वर्षं झाली’ याचा अर्थ मासा अडीच-तीन वर्षांचा आहे. नीट सांभाळलेला बेटा बहुतेक वेळा दोन ते चार वर्षं जगतो, काही पाचवं वर्षही बघतात.

खरं म्हातारपण ओळखू येतं. रंग फिका पडतो, पाठीला किंचित बाक येतो, पंखांच्या कडा वळतात आणि बारीक चिरा लवकर भरून येत नाहीत. आरसा दाखवला तर कल्ले फुलवतो, पण दोन सेकंदांत दमून तोंड फिरवतो. बुडबुड्यांचं घरटं बांधायचा उत्साह संपतो. हे सगळं महिने घेत घेत येतं. (रंगाच्या बाबतीत एक अपवाद: मार्बल आणि कोई प्रकारच्या बेटांचा रंग आयुष्यभर बदलत राहतो, कारण रंग ठरवणाऱ्या त्यांच्या जनुकांमधला एक तुकडा जागा बदलत असतो. तिथे नुसत्या रंगावरून वय काढू नका.)

आता वही. टाकीशेजारी साधी वही आणि पेन्सिल ठेवा. रोज एक ओळ पुरते: सकाळचं तापमान, किती दाणे खाल्ले, कुठे बसला होता, आणि आज मी टाकीत काय केलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लिहायचा कंटाळा येतो. तीन-चार आठवड्यांनी पानं चाळा. तळाशी बसण्याच्या तारखांना खूण करा आणि त्याच्या आदल्या दोन दिवसांत काय झालं होतं ते बघा. माझ्या वहीत चारपैकी चार खुणा सोमवारी किंवा मंगळवारी होत्या. टाकी मी रविवारी धुवायचे.

पाणी बदलल्यावर बिघडतो

म्हाताऱ्या बेटाच्या बाबतीत हे कारण मला सगळ्यात जास्त दिसलंय आणि सगळ्यात कमी ओळखलं जातं. जे औषध म्हणून करतो तेच दुखणं असतं, त्यामुळे संशय जातच नाही.

टाकीत होतं काय, ते बघू. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजमधले आणि तळाच्या खड्यांवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात पाण्यातला आंबटपणा शोषणारा क्षार, ज्याला टेस्ट किटवर केएच म्हणतात, तो खर्च होत जातो. केएच म्हणजे पीएच धरून ठेवणारा टेकू. टेकू संपला की पाणी आंबट होत जातं. पीएच सहाच्या आसपास उतरला की जिवाणू जवळजवळ थंडावतात आणि अमोनिया साठायला लागतो. पण आंबट पाण्यात तो बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात असतो, जे माशाला फारसं बाधत नाही. मासा या पाण्याला हळूहळू सरावतो. वरवर सगळं आलबेल.

मग येतो रविवार. आपण सत्तर-ऐंशी टक्के पाणी काढून ताजं ओततो. नळाच्या पाण्याचा पीएच समजा साडेसात आहे. तासाभरात टाकीचा पीएच सहावरून सातच्या वर जातो आणि उरलेल्या अमोनियमचं विषारी अमोनियात रूपांतर व्हायला लागतं. पीएच एका अंकाने वाढला की या विषारी अमोनियाचा वाटा साधारण दहापट होतो. त्यात नायट्रेट अचानक खाली आलेलं, क्षार बदललेले, तापमान दोन-तीन अंशांनी हललेलं. वर्षाच्या बेटाने हे एक दिवस पंख मिटून सहन केलं असतं. अंगातल्या पाणी-क्षारांचा तोल सांभाळणारे कल्ले आणि मूत्रपिंड म्हातारपणी तितक्या लवकर जुळवून घेत नाहीत, म्हणून तो तळाशी बसतो. चार दिवसांनी सावरतो, आपल्याला वाटतं पाणी बदलल्याचा गुण आला. मग टाकी पुन्हा आंबट व्हायला लागते.

तपासायचं कसं? द्रव थेंबांचं टेस्ट किट लागेल. पट्ट्या चटकन होतात, पण बारीक फरक त्यांच्यात नीट कळत नाही. नळाचं पाणी एका उघड्या भांड्यात २४ तास ठेवा, कारण ताज्या पाण्यात विरघळलेला वायू पीएचचा आकडा फसवतो. दुसऱ्या दिवशी ते पाणी आणि टाकीचं पाणी दोन्ही तपासा. पीएचमध्ये एकाहून जास्त फरक असेल, टाकीचा केएच दोन-तीनच्या खाली असेल आणि नायट्रेट ४० पीपीएमच्या बरंच वर असेल, तर टाकी म्हातारी झाली आहे. माझ्या टाकीत पीएच ६, नळाला ७.६, केएचचा पहिल्याच थेंबाला रंग बदलला, आणि नायट्रेटच्या नळीतलं पाणी गडद लाल. गरीब बिचारा आबा.

उपाय कंटाळवाणा आहे: थोडं थोडं. रोज १० टक्के पाणी बदला, दोन आठवडे. २० लिटरच्या टाकीत हे दोन लिटर होतं, दहा मिनिटांचं काम. ताजं पाणी भसकन ओतू नका. एअर पंपाच्या बारीक नळीला सैल गाठ मारून थेंब थेंब सोडा, अर्ध्या तासात उतरू द्या. क्लोरीन मारणारं द्रावण आधी बादलीतच टाका. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की साधा क्लोरीन उडून जातो, पण काही शहरांच्या पाण्यात क्लोरामाइन असतं आणि ते असं उडत नाही. बादलीतल्या आणि टाकीतल्या पाण्यात एका अंशाहून जास्त फरक नको. हाताला ‘सारखंच लागतंय’ यावर विसंबू नका, थर्मामीटर बुडवा. मी वर्षभर हातावरच विसंबले होते, आणि मोजलं तेव्हा चार अंशांचा फरक निघाला.

दोन आठवड्यांनी आठवड्याला २० ते २५ टक्क्यांवर या आणि तिथेच राहा. तळाचे खडे एका वेळी एक तृतीयांशच सायफनने साफ करा. स्पंज नळाखाली कधीच धरू नका. टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळला की पुष्कळ झालं. तो घाण दिसायलाच हवा, जिवाणूंचं घर आहे ते.

नळाचं पाणीच हलकं असेल, म्हणजे त्यातच केएच नसेल, तर स्पंजजवळ लहान जाळीच्या पिशवीत मूठभर प्रवाळाचा चुरा ठेवा. तो गरजेप्रमाणे हळूहळू विरघळतो. खाण्याचा सोडा टाकून एका दिवसात पीएच वर आणायचा मोह मात्र आवरा. वर वर्णन केलेला रविवार तुम्ही स्वतःच्या हाताने घडवाल.

सबुरीच्या या सल्ल्याला एक मोठा अपवाद आहे. टाकीचा पीएच सातच्या वर असेल आणि अमोनिया किंवा नायट्राइट दिसत असेल, तर थांबू नका. त्याच तापमानाचं पाणी तयार करून लगेच अर्धं पाणी बदला, आणि आकडे शून्यावर येईपर्यंत रोज बदलत राहा. तिथे विष आधीच विषाच्या रूपात आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. उन्हाळ्यात पाणी उडतं म्हणून बरेच जण नुसती भर घालतात आणि तेच पाणी बदलणं समजतात. उडतं ते फक्त पाणी; क्षार आणि नायट्रेट खालीच राहतात. भर घालून टाकी भरलेली दिसते, ताजी होत नाही.

पाणी बदलायच्या आधी बिघडतो

वहीत उलटं दिसलं, म्हणजे बदलायच्या दोन-तीन दिवस आधी सुस्त आणि बदलल्यावर ताजातवाना, तर प्रश्न साठण्याचा आहे. टाकी फार लहान, दाणे फार, किंवा फिल्टरमधले जिवाणू मेलेले. काचेच्या गोल भांड्यात ठेवलेल्या बेटाची गोष्ट नेहमी इथेच येऊन थांबते. २० लिटरच्या खाली म्हाताऱ्या माशाला ठेवायचं असेल तर पाण्याचे आकडे स्थिर ठेवायची कसरत तुम्हालाच करावी लागेल. मोठी टाकी घेणं सोपं पडतं. अलीकडे टाकीत जिवाणूनाशक औषध टाकलं असेल तर त्याने चांगले जिवाणूही मारले असण्याची शक्यता आहे. महिनाभर आकडे बघत राहा.

पहाटे बिघडतो

सकाळी लवकर तळाशी, दुपारपर्यंत ठीक. हा हीटर बोलतोय. बेटाला २५ ते २८ अंश सेल्सिअस लागतं. म्हाताऱ्याला मी २६-२७ वर ठेवते आणि आकड्यापेक्षा तो न हलण्याला जास्त जपते. हीटरवरच्या चाकीवर २६ लिहिलंय म्हणून पाणी २६ आहे असं नाही. जुन्या हीटरचा थर्मोस्टॅट फसतो, कधी बंदच होत नाही, कधी चालूच होत नाही. हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात थर्मामीटर लावा आणि आठवडाभर पहाटेचा आकडा लिहा. दिवस-रात्रीत दोन अंशांहून जास्त फरक येत असेल तर हीटर बदला. साधारण एका लिटरला एक वॉट हा ढोबळ हिशोब धरा, खोली फार गार पडत असेल तर थोडा जास्त.

माशाला ऊब बरी म्हणून कायम २९-३० अंशांवर ठेवायचं, हेही करू नका. गरम पाण्यात शरीराची चक्रं वेगाने फिरतात आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो. दमलेल्या म्हाताऱ्याला पळवल्यासारखं आहे ते.

तळाशी बसतो, पण मरगळलेला वाटत नाही

हे वेळापत्रकात बसत नाही, पण खूप जण याच खुणेने घाबरतात, म्हणून सविस्तर लिहिते.

बेटा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, चक्रव्यूहासारखं घड्याघड्यांचं एक इंद्रिय असतं, त्यातून तो हवेतला प्राणवायू घेतो. उथळ, गवताने भरलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात त्याचे पूर्वज राहत आले, थायलंडच्या भातखाचरांत आणि दलदलीत, त्यामुळे हे इंद्रिय त्याला लागतंच. वर येता आलं नाही तर बेटा पाण्यात असूनही गुदमरतो.

एका संध्याकाळी मी टाकीसमोर पंधरा मिनिटं नुसती बसले. आबा तळाशी एका कोपऱ्यात. मग त्याने छातीचे पंख भराभर हलवले, डोकं वर केलं आणि निघाला. शेपटी, जिच्यावर आम्ही भाळलो होतो ती मोठी अर्धचंद्राकृती शेपटी, ओल्या पदरासारखी मागे ओढली जात होती. निम्म्यात आल्यावर फिल्टरच्या बुडबुड्यांच्या प्रवाहाने त्याला बाजूला ढकललं, तो तिरका झाला आणि परत खाली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तो हीटरच्या काचेला पोट टेकवून, टप्पा घेत, वर पोचला, एक घोट हवा घेतली आणि दगडासारखा खाली आला. हा मासा आजारी नव्हता. त्याला जिना चढवत नव्हता.

त्याच रात्री पाण्याची उंची ३० सेंटिमीटरवरून १६ वर आणली. उंची कमी केली की पाणीही कमी होतं, म्हणून पुढे त्याच लिटरांची बुटकी, लांबट टाकी घेतली. एअर पंपाच्या नळीवर छोटी तोटी बसवून बुडबुडे अगदी मंद केले. पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटरवर रुंद पानाची अनुबियास ही पाणवनस्पती बांधली. काचेला चिकटणाऱ्या रबरी चकतीचं मऊ प्लॅस्टिकचं पानही चालतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा त्या पानावर आडवा पसरलेला होता आणि मान उचलली की तोंड हवेत. तळाशी बसणं तिथून पुढे जवळपास बंद झालं.

टाकीला झाकण ठेवा आणि पाणी ते झाकण यात चार-पाच सेंटिमीटर हवा असू द्या. ती हवा दमट आणि पाण्याइतकीच उबदार राहायला हवी. पंखे आणि एसीच्या झोतातली गार हवा गिळून हे इंद्रिय बिघडू शकतं.

लांब शेपटी कापून माशाला हलकं करा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जखम भरायची ताकद त्याच्यात आता कमी आहे.

दाणा बघतो आणि सोडतो

‘भूक मेली’ म्हणण्याआधी डोळे बघा. टॉर्च बाजूने धरली की बाहुलीत पांढुरका ढग दिसतो, म्हातारपणी मोतीबिंदू होतो. ड्रॅगन स्केल प्रकारच्या बेटांमध्ये जाड पांढरे खवले डोळ्यावरच वाढत येतात आणि मासा तरुणपणीही आंधळा होऊ शकतो. या दोन्हींवर घरगुती औषध नाही. डोळा बाहेर आलेला असेल, किंवा एका रात्रीत पांढरा झाला असेल, तर मात्र ती इजा किंवा संसर्ग असतो. पाण्याचे आकडे लगेच तपासा.

आबाचा उजवा डोळा गेला होता. हे मला दाण्यांनी सांगितलं. दाणा उजवीकडे पडला की तो ढिम्म. डावीकडे पडला की वळायचा, नेम धरायचा, झडप घालायचा, आणि दाण्याच्या बाजूचं पाणी गिळायचा. दोन-तीन मिलिमीटरने चुकायचा. नाकाला लागून दाणा पुढे सरकायचा, तो पुन्हा झडप घालायचा. चौथ्या चुकीनंतर सोडून द्यायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, भूक नाही.

मग रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या डाव्या कोपऱ्यात, काचेवर बोटाने हलकेच दोन टिचक्या मारून दाणा द्यायला लागले. तरंगत्या कड्यात टाकला की दाणा पळत नाही. नंतर नंतर बोथट टोकाच्या चिमट्यात धरून थेट तोंडासमोर. आठवड्याभरात टिचकी ऐकली की कोपऱ्यात हजर. दाणे टाकीच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून, मोठे असतील तर अर्धे करून द्या. प्रमाण तरुण बेटाहून कमी: दीड मिलिमीटरचे दोन-तीन दाणे दिवसातून दोनदा, आणि आठवड्यातून एक दिवस काही नाही. अधूनमधून गोठवलेला डॅफ्निया किंवा आर्टेमिया (दोन्ही पाण्यातले बारीक कवचधारी जीव) द्या. खाल्लं नाही ते दहा मिनिटांत काढून टाका, नाहीतर तोच अमोनिया.

खाल्ल्यावर फुगतो, तिरका तरंगतो

पोट एका बाजूने फुगीर, शेपूट वर, खाली जायला धडपड. बहुतेक वेळा जास्त खाणं किंवा बद्धकोष्ठ पोटातल्या हवेच्या पिशवीला दाबत असतं. दोन दिवस उपाशी ठेवा, पाणी २७ अंशांवर स्थिर ठेवा, मग थोडा डॅफ्निया. सोललेला वाटाणा द्यायचा सल्ला जुना आणि लोकप्रिय आहे, पण बेटा किडे खाणारा मासा आहे. डॅफ्नियाचं कवच तेच काम जास्त सरळपणे करतं.

तीन दिवसांत फरक नसेल तर एप्सम सॉल्ट. हे मॅग्नेशियम सल्फेट, खायचं मीठ नव्हे, दुकानात ‘अ‍ॅक्वेरियम सॉल्ट’ म्हणून मिळतं तेही नव्हे. २० लिटरला एक सपाट चहाचा चमचा, वेगळ्या भांड्यात विरघळवून, निम्मं आज निम्मं उद्या. मीठ कुठलंही असो, पाणी उडून गेल्यावर ते टाकीतच राहतं. भर घालताना पुन्हा मीठ टाकलंत तर प्रमाण नकळत वाढत जातं.

आता वरून बघा, वरूनच. खवले अंगाला चिकटून सपाट असतील तर ठीक. थंडीत पिसं फुलवून बसलेल्या चिमणीसारखे उभे राहिले असतील तर ही ड्रॉप्सी आहे, आपल्या भाषेत जलोदर. मूत्रपिंडांनी हात टेकले की अंगात पाणी साठतं. तिथून परत आलेले म्हातारे मासे मी फार कमी पाहिलेत. एप्सम सॉल्टने सूज थोडी उतरते, आराम पडतो, एवढीच अपेक्षा ठेवा.

पंखांचं थोडक्यात

सरळ चीर पडली असेल तर काहीतरी टोचलंय. सजावटीवरून नायलॉनचा पायमोजा ओढून बघा, अडकला तर ती सजावट बाहेर. तुकडा चावल्यासारखा गोल गेला असेल तर तो स्वतःच चावतोय. कडा काळी किंवा लाल होऊन रोज थोडी मागे सरकत असेल तरच फिन रॉट, म्हणजे पंख सडण्याचा रोग, आणि त्याचंही पहिलं औषध स्वच्छ पाणी. नवीन वाढलेला भाग काचेसारखा पारदर्शक असतो, तो बुरशी समजून औषध टाकू नका.

औषधांबद्दल माझी चूक

मला एकाने निळं औषध सुचवलं, दुसऱ्याने पिवळं. मी एका आठवड्यात दोन्ही टाकली आणि वर मीठ. निळं म्हणजे मिथिलीन ब्लू. त्याने टाकीच्या कडांचं सिलिकॉन कायमचं निळं झालं आणि स्पंजमधल्या जिवाणूंनाही फटका बसला. नंतर अमोनिया दिसायला लागला आणि मला वाटलं आजार वाढला. तेव्हापासून नियम केलाय: एका वेळी एकच बदल, आणि औषध द्यायचंच तर पाच लिटरच्या वेगळ्या डब्यात, झाकण आणि हीटरसकट. आजाराचं नाव नक्की नसेल तर औषध नाही. देशी बदामाचं एखादं वाळकं पान मी टाकते. त्यातल्या टॅनिनने पाणी चहासारखं होतं आणि बेटाला ते मानवतं. पण केएच नसलेल्या टाकीत पान टाकलं तर पीएच आणखी घसरतो, म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी टेकू, मग पान.

वेळापत्रकच सापडत नाही

आकडे बरोबर, तापमान स्थिर, पाणी उथळ, दाणा तोंडासमोर. तरीही मासा आठवड्यागणिक बारीक होतोय. मग गाठ असेल, आतलं एखादं इंद्रिय थकलं असेल, किंवा खरंच वय.

एका शक्यतेकडे दुर्लक्ष करू नका. मासा खातो तरी पोट खपाटीला, पाठीचा कणा वाकडा, अंगावर न भरणारे व्रण, अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर माशांचा क्षय असू शकतो. त्याचा मायकोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू हाताच्या उघड्या जखमेतून माणसाच्या त्वचेतही शिरतो. हातमोजे घाला, नळी तोंडाने ओढून सायफन सुरू करू नका, त्या टाकीची जाळी-बादली दुसरीकडे वापरू नका. टाकीत हात घातल्यानंतर बोटावर न बरी होणारी गाठ आली तर डॉक्टरांना मासे पाळता हे आवर्जून सांगा.

मासा दोन-तीन दिवस अजिबात खात नाही, हवेसाठी वर येऊ शकत नाही, कुशीवर पडून आहे आणि स्पर्शालाही हलत नाही, तेव्हा पुढचा निर्णय टाळत बसू नये. माशांचं बघणारे पशुवैद्य भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात. लवंगेच्या तेलातलं युजेनॉलही त्यासाठी वापरलं जातं, पण प्रमाण त्यांच्याकडूनच घ्या. फ्रीजरमध्ये ठेवणं किंवा जिवंत मासा फ्लश करणं हे सोपं वाटतं, माशासाठी नसतं.

वही सुरू केल्यानंतर आबा अकरा महिने जगला, आणि त्यात तळाशी बसल्याच्या खुणा दोनच. तो गेल्यावर क्षयाची शंका नव्हती, म्हणून टाकी मी मोडली नाही. मासा नसला की अमोनिया नाही, आणि अमोनिया नसला की स्पंजमधले जिवाणू उपाशी मरतात. पुढचा बेटा येईपर्यंत तीन आठवडे मी दिवसाआड त्या रिकाम्या टाकीत दोन दाणे टाकत होते. घरच्यांनी त्याचा भलताच अर्थ लावला आणि माझ्याशी जरा हळू आवाजात बोलायला लागले. मी जिवाणूंना जेवू घालत होते.